एकेचाळीस फाइली

४ जून

बारके,

फोन तू उचलत नाहीस. परवा तुझ्या नवऱ्याने उचलला. म्हणाला, "ताई, तुम्ही पत्र लिहा. कागद हातात पडला की ती वाचतेच, मग तो कशाचाही असो." म्हणून हे पत्र. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याला भरीस घातलं.

काम एवढंच आहे. घरातला कॉम्प्युटर पार मंद झालाय. सकाळी बटण दाबते, तोंड धुते, चहा करते, पिते, कप विसळून ठेवते, परत येऊन बघते तर पडद्यावर ते वर्तुळ फिरतच असतं. घड्याळ लावून मोजलं, अकरा मिनिटं. त्यानंतर फाइल उघडायला चार. 'गवत' असं टाइप केलं की 'ग' येऊन उभा राहतो आणि बाकीची अक्षरं मागून कधीतरी येतात. दुकानातल्या माणसाला बोलावलं होतं. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, याला आता निरोप द्या." माझ्या घरात येऊन मलाच मावशी, आणि वर निरोपाची भाषा! त्याला चहासुद्धा विचारला नाही.

एरवी मी तुला त्रास दिला नसता. पण हातात एका निवृत्त प्राध्यापकांचं पुस्तक आहे. गवतांवरचं. आयुष्यभर माळामाळाने हिंडून त्यांनी सातशेच्या वर गवतं गोळा केली आहेत, प्रत्येकाचं वर्णन हाताने लिहिलेलं, आणि अक्षर असं की मुंगी शाईतून चालत गेल्यासारखं. सरांचे डोळे चाललेत. डॉक्टरांनी त्यांना वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे, तीही नक्की नाही. छापलेलं पुस्तक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. छापखान्याला जुलैअखेर मजकूर हवा, आणि मी रोज चार पानांवर अडकले आहे.

तू कॉलेजातले शंभर कॉम्प्युटर सांभाळतेस. या एकाचं काय करायचं ते सांग. तू बसवून दिलेलं मी काही हलवलेलं नाही. जागाही तीच, आईच्या खोलीत खिडकीखाली.

बाकी ठीक.

ताई


१७ जून

बारके,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, नुसते नऊ मुद्दे. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा डॉक्टर नाव लिहितो. पण उत्तर दिलंस, तेच खूप झालं. केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे पुढचं सांगायला तुला बरं पडेल.

पहिला मुद्दा. कॉम्प्युटर पूर्ण बंद करतेस की नुसता झोपवतेस, असं विचारलंयस. झोपवत होते. किती महिने ते सांगायची लाज वाटते. बंद करून सुरू केला.

दुसरा. सुरू होताना आपोआप काय काय जागं होतं ती यादी काढली. तेवीस! त्यातला एक तर मोडीत काढलेल्या छपाईयंत्राचा होता. यंत्र जाऊन दोन वर्षं झाली, आणि हा रोज सकाळी उठून त्याला शोधत बसायचा. तू लिहिलेली सहा नावं ठेवली, सतरा बंद केली.

तिसरा, डिस्क. सत्त्याण्णव टक्के भरलेली. कारण मीच. सरांच्या वाळवलेल्या गवतांची चित्रं मी प्रत्येकी तीन-तीनदा साठवली होती, एक हरवलं तर दुसरं असावं म्हणून. जास्तीच्या प्रती काढल्या. रोज थोड्या, प्रत्येक उघडून, नीट बघून. पुसायचं म्हटलं की मी दहादा तपासते, का ते तुला माहीत आहे.

पाचवा केला. झाकण उघडून धूळ काढली. एक उशी भरली असती. मऊ ब्रशने झाडली, पंख्याला बोटाने धरून, तू सांगितलंस तसंच.

अकरा मिनिटांची सहा झाली. परवा नऊ पानं झाली.

सहा ते नऊ माझ्या आवाक्यातले नाहीत. मेमरी वाढव, डिस्क बदल, ही कामं मी कुणाला सांगू? त्या निरोपवाल्याला नाही.

चौथा राहिला. तू लिहिलंयस, "झाडूचं चित्र असलेला प्रोग्राम काढून टाक. उघडू नकोस, नुसता काढ." हे 'उघडू नकोस' कशासाठी? बाकी आठ मुद्द्यांत तू एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाहीस.

ताई


२३ जून

बारके,

झाडूवाला प्रोग्राम काढला. न उघडता. आता सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात.

एक विचारायचं होतं, सहज. पुसलेली फाइल डिस्कवर किती दिवस राहते? कुणी नीट शोधली तर चार वर्षांनी मिळते का?

सरांचं एकशे ऐंशीवं गवत झालं.

ताई


३० जून

बारके,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. प्रोग्राम उघडला होता.

तू उघडू नकोस म्हणालीस म्हणूनच उघडला, आणखी काय. आत एका कोपऱ्यात 'आधीची सफाई' असं लिहिलेलं होतं. त्यावर दाबलं. खाली तारखांची यादी आली. सगळ्यांत जुनी तारीख आईला जाऊन सोळा दिवस झाले तेव्हाची. मंगळवार. वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. काढलेल्या फाइली एकेचाळीस. आणि खाली त्यांची नावं, आईचं बोलणं रेकॉर्ड करून तू दिलेली. 'आई ०१ – नोकरीचा पहिला दिवस', 'आई ०२ – जुळी', अशी ओळीने एकेचाळीसपर्यंत.

मी खुर्चीत बसून ती नावं वाचली. पुन्हा वाचली. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसला. परत आले, नावं तिथेच होती.

बारके, तू त्याच्या आधीच्या रविवारी आली होतीस. मंगळवारी या घरात मी एकटी होते.

मंगळवार मला आठवतोय. आधी आठवत नव्हता, म्हणजे असं काही झालं हे मी स्वतःला आठवूच दिलं नव्हतं. आई गेल्यावर तुंबलेलं काम मी अंगावर घेतलं होतं. कॉम्प्युटर अडखळत होता. पडद्यावर एक जाहिरात आली, तुमचा कॉम्प्युटर मंद झाला आहे, एका क्लिकमध्ये वेगवान करा. केलं. त्याने काहीतरी यादी दाखवून विचारलं. बहुधा असंच असणार, की या मोठ्या फाइली महिनाभर कुणी उघडलेल्या नाहीत, काढायच्या का? मी 'हो' दाबलं. न वाचता. टाइप करून पोट भरणारी बाई मी, दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला काना सुटला तरी पकडते, आणि ते वाचलं नाही.

पुढच्या रविवारी तू प्रती करून घ्यायला नवी डिस्क घेऊन आलीस आणि फोल्डर रिकामं निघालं. तू अर्धा तास खाली मान घालून शोधत होतीस. मी दारात उभी होते. काय बोलले ते मला शब्द न् शब्द माहीत आहे, आणि तुलाही असणार. तरी लिहिते, म्हणजे ते मी बोललेच नव्हते असं मला पुढे कधी म्हणता येणार नाही. मी म्हटलं, "आईचा आवाज तू पुसलास. तुला फार कळतं ना यातलं, मग कर आता परत. तिला मी तीन वर्षं जपली, आणि तू एका दुपारी दुसऱ्यांदा मारलीस."

तू खुर्ची मागे सारलीस, चपला घातल्यास आणि गेलीस. डिस्कचं न फोडलेलं खोकंसुद्धा टेबलावर ठेवून.

आणि आता कार्डावरचा हा चौथा मुद्दा. त्या अर्ध्या तासात तू ही यादी बघितली होतीस. हो ना? मी बोलायला तोंड उघडलं, त्याच्या आधीच तुला माहीत होतं.

मग बोलली का नाहीस?

मी क्षमा मागते आहे. याहून मोठा शब्द मला येत नाही. येत असता तर तो लिहिला असता.

तुझी ताई


१९ जुलै

प्रिय बारके,

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. उत्तराला वेळ लागला, कारण आधी एक काम उरकायचं होतं.

तू लिहिलंयस की मी दया दाखवून गप्प बसले असं समजू नकोस. बरं झालं लिहिलंस. मी तसंच समजायला लागले होते, आणि ते मला झेपलं नसतं. तुझं हे वाक्य मी कितीदा वाचलं असेन: "यादी समोर होती. वळून तुला हाक मारणार होते, ये, बघ, आपल्या हातून काय झालं. 'आपल्या' हाच शब्द तोंडात होता. तेवढ्यात तू मागून बोललीस. एकदा विचारलंही नाहीस, बारके, तू पुसलंस का. मग ठरवलं, हिला कधीच सांगायचं नाही. बस म्हणावं माझ्यावर राग धरून."

आणि पुढे, की दोन वर्षांनी तुझा राग उतरला, पण तोवर सांगणं म्हणजे मला खड्ड्यात ढकलण्यासारखं वाटायला लागलं. म्हणून कार्डावर ते 'उघडू नकोस'. मुद्दा गाळला असतास तर मी तो प्रोग्राम कधी बघितलाही नसता, असं तुझा नवरा म्हणतो म्हणे. तू त्याला काय उत्तर दिलंस ते लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, तुझं अर्धं मन मी उघडावं असंच म्हणत होतं.

आता कामाचं. मी मामाकडे गेले होते.

चार वर्षांपूर्वी मी सगळ्यांना सांगत सुटले होते, आणि सगळ्यांत आधी मामाला. आईचा सख्खा भाऊ, तिच्या आवाजासाठी तोही झुरत होता. त्याने तुझं नाव टाकलं ते माझ्यामुळे. फोनवर सांगून भागणार नव्हतं.

तो खिडकीशी बसला होता, डोळ्याला भिंग लावून. दुकान बंद केलं तरी कुणा ना कुणाचं घड्याळ उघडलेलं असतंच त्याच्यासमोर. मी उभ्या उभ्याच सांगितलं, मंगळवार, दहा वीस, एकेचाळीस. त्याने भिंग काढलं.

"म्हणजे धाकटीने काही केलं नव्हतं?"

"नाही."

"आणि मी तिच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही, ते कशापायी?"

"माझ्यापायी."

"तू सांगितलंस म्हणून मी मानलं." त्याने उघडलेलं घड्याळ बाजूला सारलं. मग म्हणाला, "मीही तिला विचारलं नाही. एक फोन करायचा होता. माझं बोटही हललं नाही."

मला वाटलं, आता निवळला. तर म्हणाला, "तू आता जा. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

"किती दिवस?"

"ते मी ठरवीन. तुला कळवीन."

म्हणजे आता अबोला माझ्याशी. मला तो पटला, खरं सांगते. जिन्यावरून उतरताना वरून त्याचा आवाज आला, मामीला विचारत होता, धाकटीचा नंबर कुठे लिहून ठेवलाय. त्याचा फोन आला असेल एव्हाना. उचलला असशील तर कळव.

बाकीच्यांनाही सांगितलं. शेजारच्या नर्सबाई, प्रसूतिगृहात आईच्या हाताखाली शिकलेल्या, त्या नुसत्या "अगं बाई" म्हणाल्या आणि माझा हात धरून बसल्या. ते मामाच्या रागापेक्षा जड गेलं.

डिस्क बदलायला तू स्वतः येतेस म्हणालीस. ये. सरांची पाचशे तीस गवतं झाली आहेत. छापखान्याने दोन आठवडे वाढवून दिलेत. तू येशील त्या दिवशी मी काम बंद ठेवीन.

तुझी ताई


११ ऑगस्ट

प्रिय बारके,

तुला बसमध्ये बसवून आले, त्याला तास झाला असेल. दोन दिवस समोरासमोर होतो, तरी एक गोष्ट बोलता आली नाही. पत्रातच मला धीर येतो असं दिसतंय.

आधी चांगलं. आत्ता घड्याळ लावून बघितलं, बटण दाबल्यापासून बावीस सेकंद. मी चहा ठेवायला उठले आणि तशीच परत बसले. 'गवत' लिहिलं, एकदम उमटलं. सरांना फोनवर सांगितलं की शनिवारी शेवटचं गवत संपतंय. तर म्हणाले, "मग परिशिष्ट घ्यायला हरकत नाही, आणखी चाळीस आहेत." या माणसाला डोळे मिटायला वेळच नाही.

जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर जात होतं त्या दुपारी तू तिसऱ्यांदा शोधून बघितलंस. काही मिळालं नाही. तू म्हणालीस, ज्या जागेवर त्या फाइली होत्या, तिथे दुसरं लिहिलं गेलं. काय लिहिलं गेलं ते तू बोलली नाहीस, पण मला कळलं. चार वर्षांत त्या डिस्कवर मी दुसरं काय भरलं? गवतं. एकेकाच्या तीन-तीन प्रती.

मग तू आठवायला लागलीस आणि मी टाइप करायला. दोन दिवसांत चौदा झाल्या. तुला इतकं आठवेल असं वाटलं नव्हतं. लिफ्ट अडकली आणि आईने आतच एका बाईचं बाळंतपण केलं, लिफ्टवाल्याला भिंतीकडे तोंड करून मोठ्याने आकडे म्हणायला लावलं, आणि तो सातशेपर्यंत गेला. ती गोष्ट टाइप करताना मी इतकी हसले की दोन ओळी चुकल्या. आणि ती बाई, जिचं मूल राहिलं नाही, जी पुढची वीस वर्षं आईला भेटायला येत राहिली. मी तिला दार उघडायचे, पाणी द्यायचे. ती कोण, ते मला काल कळलं.

तू विचारलंस, "ताई, हे तुला खरंच माहीत नव्हतं?" मी म्हटलं, आईने कधी सांगितलं नाही. ते अर्धं खरं.

उरलेलं अर्धं असं. रेकॉर्डिंगच्या त्या सहा महिन्यांत तू रविवारी यायचीस, दार लोटून घ्यायचीस, आणि आतून बोलण्याचा आवाज यायचा. हसण्याचा यायचा. सहा दिवस मी तिला अंघोळ घालायचे, कूस बदलायचे, भरवायचे, आणि आमचं बोलणं म्हणजे "गोळी घेतलीस?" "घेतली." ती तिच्या गोष्टी रविवारसाठी राखून ठेवायची. मी बाहेर भांडी घासत उभी राहायचे, नळ मोठा सोडून. त्या एकेचाळीसांतली एकही मी ऐकली नाही. रोज त्याच कॉम्प्युटरवर काम करत होते, फोल्डर समोर होतं, कधीही उघडता आलं असतं. महिनाभर कुणी उघडल्या नव्हत्या म्हणून त्या गेल्या, बारके. मी एक जरी उघडली असती तरी ती तेवढी राहिली असती.

उघडलं नाही कारण भीती होती. त्यात आपण नसू, अशी. आणि असलो तर काय म्हणून असू, अशीही.

आता ते, जे बसस्टँडवर बोलता आलं नाही. फोल्डर रिकामं आहे असं तू म्हणालीस ना त्या रविवारी, तेव्हा मला रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आता कुणालाच ऐकता येणार नाही, तुलाही नाही, मामालाही नाही. आपण सगळे सारखे झालो. आणि मग त्या वाटण्याची मलाच इतकी किळस आली की मी तुझ्यावर तुटून पडले. जितकं ते दाबायचं होतं, तितक्या मोठ्याने ओरडले.

'हो' मी न वाचता दाबलं, हे खरंच आहे. मुद्दाम केलं नाही. यावर तू विश्वास ठेवशील असं वाटतं. पण यादी सापडल्यापासून मी स्वतःला रोज विचारते आहे, आणि रोज उत्तर तेच येतं. मुद्दाम नव्हतं. पण गेल्याचं दुःख नुसतं दुःख नव्हतं.

तुला हे सांगायची गरज नव्हती. तू मला माफ करून गेलीस, डबा विसरून गेलीस, सगळं रुळावर आलं होतं. पण तू माफ केलंस ते न वाचता 'हो' म्हणणाऱ्या बाईला. त्या दुसरीलाही तू बघावंस असं मला वाटलं.

उरलेल्या सत्तावीस सांगायला पुढच्या महिन्यात येतेस म्हणालीस. हे वाचून यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर दोन ओळी लिहून कळव, मायना नसला तरी चालेल. आणि आलीस तर आईने माझ्याबद्दल काही म्हटलं असेल तर सांग. बरं असो, वाईट असो, जसं आठवेल तसं. मी मध्ये बोलणार नाही. टाइप करीन.

कोपऱ्यावरची टपालपेटी चार वाजता उघडतात. साडेतीन झालेत. घरात ठेवलं तर मी हे उद्या फाडीन, म्हणून आत्ताच निघते.

तुझी
ताई